गस्तीचे विमान आणि रापणीचा दोर

(राजारामपुरी, कोल्हापूर येथील व्याख्यानाचा मजकूर)



राजारामपुरीत बसून समुद्रावरील गस्तीच्या विमानांची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. पंचगंगेचे पाणी पूर्वेकडे वाहते आणि अरबी समुद्र सह्याद्रीपलीकडे राहतो, हे खरे. पण मालवण-रत्नागिरीची मासळी घाट चढून याच शहराच्या बाजारात येते. शिवाय कालव्याच्या पाण्यासाठी भांडलेल्या माणसाला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. मुखाशी बसलेला धनिक बागायतदार पाणी ओढून घेतो, शेवटच्या टोकाचा शेतकरी कोरडा राहतो आणि पाटकरी कायद्याचे पुस्तक बगलेत मारून उभा असतो. समुद्रातही नेमके हेच घडते.

रापण ओढणारे वा लहान होडीतून जाळे टाकणारे मच्छीमार किनाऱ्याजवळच्या पाण्यावर जगतात. पर्ससीन जाळे बांगड्याचा वा तारलीचा अख्खा थवा घेरते. एलईडी दिव्यांचा झोत रात्री मासळीला एका जागी गोळा करतो. ज्याच्याजवळ भांडवल, त्याची मासळी, असा हा व्यवहार आहे. दोर ओढणाऱ्या पन्नास हातांना मग रिकामे जाळे घेऊन परतावे लागते.

कायद्यांची उणीव आहे काय? मुळीच नाही. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ सालचा आहे. परकीय नौकांच्या मासेमारीवर नियंत्रण ठेवणारा केंद्राचा कायदाही त्याच वर्षीचा. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्य शासनाने पर्ससीनवर निर्बंध घातले. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने एलईडी मासेमारीस बंदी केली. २०२१ च्या दुरुस्तीने अशा मासेमारीचा दंड ५ लाखांपासून २० लाख रुपयांपर्यंत नेला. कायदा कडक होत गेला, तसा प्रश्न एवढाच उरला की गुन्हा पाहणार कोण आणि पाहिल्यावर धरणार कोण?

येथे राज्यघटनेतील विभागणी ध्यानात घ्यावी लागते. मत्स्यव्यवसाय हा राज्यसूचीतील विषय आहे. प्रादेशिक जलधीपलीकडील मासेमारी केंद्रसूचीत आहे. १९७६ च्या कायद्याने १२ सागरी मैलांपर्यंतचा प्रादेशिक समुद्र आणि २०० सागरी मैलांपर्यंतचे अनन्य आर्थिक क्षेत्र निश्चित झाले. म्हणजे लहान मच्छीमाराचे पाणी राज्याच्या राखणीत, आणि विमाने मात्र केंद्राच्या संरक्षण मंत्रालयाच्या ताब्यात. तटरक्षक दल १९७८ च्या कायद्याने उभे राहिले, त्यामागे चोरट्या आयातीचा प्रश्न मुख्य होता. २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर सागरी सुरक्षेला आणखी महत्त्व आले, ते योग्यच झाले. कानपूरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या सार्वजनिक कारखान्यात बनलेली डॉर्नियर विमाने या दलाजवळ आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये सागरी टेहळणीच्या आणखी विमानांना संरक्षण सामग्री संपादन परिषदेची प्राथमिक मान्यता मिळाली. परंतु या विमानांची नजर शत्रूवर, तस्करावर आणि संकटात सापडलेल्या नौकेवर असते. आपल्याच राज्यातील धनिकाच्या पर्ससीन नौकेवर ती क्वचितच स्थिरावते.

यंत्रावर सारा भरवसा ठेवण्यातला धोकाही उघड झाला आहे. ५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदरला तटरक्षक दलाचे ध्रुव हेलिकॉप्टर कोसळून तिघांचा मृत्यू झाला आणि देशभरातील ध्रुव हेलिकॉप्टरे काही महिने जमिनीवर थांबवावी लागली. सार्वजनिक क्षेत्राचा कैवार घेणाऱ्यांनी तर अशा वेळी गुणवत्तेचा जाब अधिक कठोरपणे विचारला पाहिजे. तो कारखाना जनतेचा आहे आणि त्यात बनलेल्या यंत्रातून उडणारी माणसेही जनतेचीच आहेत.

पुढे चारच दिवसांनी, ९ जानेवारी रोजी, महाराष्ट्र शासनाने सात सागरी जिल्ह्यांसाठी नऊ ड्रोनद्वारे टेहळणी सुरू केली. पाऊल स्वागतार्ह आहे. विमानाच्या तुलनेत ड्रोन स्वस्त. त्याच्या चित्रात नौका व जाळे दिसते आणि पुरावा हाती राहतो. पण ड्रोन नौका अडवू शकत नाही. चित्र पाहून समुद्रात धावणारी वेगवान नौका हवी, तीवर प्रशिक्षित कर्मचारी हवेत, आणि किनाऱ्यावर खटला वेळेत निकाली काढणारा अधिकारी हवा. मत्स्यव्यवसाय विभागाने गस्तीसाठी भाड्याच्या नौकांवर विसंबून राहावे आणि आकाशात मात्र नवे यंत्र फिरवावे, ही उलटी गणना आहे. डोळा विकत घेतला, हात मात्र भाड्याचाच राहिला.

आइसलँडचे उदाहरण बोलके आहे. १९७० च्या दशकात त्या चिमुकल्या देशाने आपली मासेमारीची हद्द २०० मैलांपर्यंत वाढविली आणि बलाढ्य ब्रिटनच्या ट्रॉलर-नौकांची जाळी तोडणारी साधी अवजारे आपल्या गस्ती नौकांना जोडली. तेथे यंत्राहून निर्धार मोठा ठरला, कारण मासळी हेच त्या राष्ट्राचे अन्न होते.

तेव्हा सरकारला विचारायचे प्रश्न स्पष्ट आहेत. टेहळणीच्या साधनाची केवळ खरेदीची किंमत नव्हे, तर दर उड्डाणतासाचा खर्च, दुरुस्ती व मनुष्यबळ यांचा हिशेब विधिमंडळापुढे यावा. कंत्राटाच्या अटी जाहीर व्हाव्यात. किती नौका दिसल्या, किती धरल्या, किती दंड ठरला आणि किती प्रत्यक्ष वसूल झाला, याचा तक्ता प्रत्येक बंदरावर लागावा. टेहळणीच्या देखरेखीवर मच्छीमार सहकारी संस्थांचे प्रतिनिधी असावेत. नाहीतर आकाशातील डोळा बड्या नौका सोडून कागदपत्रांत चूक झालेल्या गरीब तांडेलावरच रोखला जाईल.

समुद्र कोणाच्या सातबाऱ्यावर नाही. म्हणूनच त्याची राखण हे साऱ्या समाजाचे काम ठरते. त्या राखणीवर होणारा प्रत्येक रुपया रापणीचा दोर ओढणाऱ्याच्या पदरात मासळी होऊन पडला, तरच तो खर्च सार्थकी लागला असे म्हणता येईल.