सकाळचा भात, दुपारचं जेवण
(खुलताबाद येथे प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज बचतीचा हिशोब नाही, कर्जाचा हप्ता नाही. आज डब्याबद्दल बोलायचंय. तुम्ही म्हणाल, ही कालची पोरगी आम्हाला स्वयंपाक शिकवणार का? नाही शिकवणार. माझी भाकरी अजून गोल होत नाही, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी डोळ्यांनी पाहिलंय. पण माझ्या हातून एक चूक झाली आहे, ती तुम्हाला सांगायची आहे.

गेल्या वर्षी मी एका गावात प्रशिक्षण ठेवलं होतं. साठ बायका येणार होत्या. जेवण तिथल्याच गटाला दिलं, गटाला चार पैसे मिळतील म्हणून. गटातल्या मावशी म्हणाल्या, "भात अकरा वाजता टाकू, गरम वाढू." मीच म्हणाले, "नको मावशी, दुपारी गडबड होते, सकाळीच उरकून घ्या." सहा किलो तांदळाचा भात सकाळी सातला झाला. मोठ्या पातेल्यात, वर झाकण, त्यावर गोणपाट. दीड वाजता जेवणं झाली. भाताला वास नव्हता, चव बिघडलेली नव्हती. पाच वाजेपर्यंत अकरा जणींना उलट्या सुरू झाल्या. त्यात एक बाई सहा महिन्यांची गरोदर होती. रात्री दवाखान्यात तिच्या सासूबाई माझ्याकडे बघत होत्या, काही बोलल्या नाहीत. ती नजर मी विसरले नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या बऱ्या झाल्या. पण स्वयंपाक करणाऱ्या मावशींचं नाव गावात खराब झालं, आणि चूक तर माझी होती.

तेव्हा डॉक्टरांना विचारून, वाचून जे समजलं ते सांगते.

तांदळात मातीतून आलेले काही जंतू असतात. बॅसिलस सेरियस असं एकाचं नाव. नाव लक्षात ठेवू नका, त्याची खोड लक्षात ठेवा. तो बी धरून बसतो. भात उकळला तरी ते बी मरत नाही. भात कोमट झाला की ओल आणि ऊब मिळून ते उगवतं, अगदी आपल्या वावरातल्या बियाण्यासारखं. जंतू वाढतात आणि भातात विष सोडतात. हे विष नंतर कितीही तापवलं तरी जात नाही. म्हणून "हळद-कांदा घालून कडक फोडणी दिली की चालतं" हे खरं नाही. फोडणीचा भात करायला हरकत नाही, पण आधी तो भात नीट ठेवलेला पाहिजे.

5 ते 60 अंश या गरमीत जंतू झपाट्याने वाढतात. 60 अंश म्हणजे बोट लावलं तर चटकन मागे घ्यावं लागेल इतकं गरम. म्हणून शिजवलेलं अन्न एक तर तसं कडक गरम ठेवा, नाही तर लवकर गार करा. मधलं कोमट ठेवू नका. जागतिक आरोग्य संघटना सांगते, शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये तर एक तासच धरा. आमच्या त्या पातेल्यात भात साडेसहा तास होता. मोठ्या पातेल्यात मधला भात तासन् तास कोमट राहतो, आणि वर आपण गोणपाट टाकून त्याला ऊब दिली!

आता तुम्ही म्हणाल, ताई, आम्ही सकाळी सातला खुरपायला निघतो, बारा-एकला डबा उघडतो. दोन तासांचं कसं जमायचं? बरोबर आहे. म्हणून एकच गोष्ट सांगते. शेतात न्यायचं ते कोरडं न्या, ओलं घरी गरम करून खा.

हे मी नवीन सांगत नाही. आपल्या आज्या प्रवासाला दशम्या आणि धपाटे न्यायच्या, वरणभात नाही. बहात्तरच्या दुष्काळात कामावर सुकडी वाटायचे, तीही कोरडीच. भाकरी, शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी, परतून कोरडी केलेली भाजी, सोबत कांदा. ओल कमी असली की जंतूंना वाढायला वाव कमी. भाकरी मात्र गरम गरम डब्यात कोंबू नका. वाफ जाऊ द्या, मग स्वच्छ फडक्यात बांधा. वाफेच्या पाण्यानंच ती बुरसते.

रात्री काय करून ठेवायचं? लसूण सोला, अद्रक-मिरचीचं वाटण करा, डाळ निवडा, मटकी भिजत घाला, चटणी कुटून ठेवा. सकाळचा निम्मा वेळ इथंच वाचतो. शिजवायचं तेवढं सकाळी ताजं.

रात्रीचं उरलंच तर असं करा:

१. पातेलं तसंच झाकून ठेवू नका. भात, वरण पसरट ताटलीत किंवा परातीत काढा. नाही तर पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवून हलवा. लवकर निवतं.

२. फ्रीज असेल तर दोन तासांच्या आत आत ठेवा. भात दुसऱ्या दिवशी संपवा, वरण-भाजी फार तर दोन-तीन दिवस. लाईट रात्रभर गेली असेल तर त्या फ्रीजवर विसंबू नका.

३. फ्रीज नसेल तर भात आणि वरण ठेवूच नका, मोजून शिजवा. माठाजवळ ठेवलं, ओलं फडकं गुंडाळलं, तरी शिजवलेलं अन्न टिकेल इतकं गार होत नाही.

४. गरम करताना लागेल तेवढंच घ्या. वरण, कालवण खळखळ उकळू द्या, ढवळत राहा. भातावर पाण्याचा हबका मारून, झाकण ठेवून, मधून वाफ येईपर्यंत तापवा. एकदा गरम केलेलं परत ठेवायचं नाही.

५. लहान लेकरं, गरोदर बाई आणि म्हातारी माणसं यांना ताजंच द्या.

आता जरा मनातलं बोलते. घरात शिळं कोण खातं? नवऱ्याला ताजं, पोरांना ताजं, सासऱ्यांना ताजं. उरलेलं, विटलेलं बाई खाते, कारण टाकवत नाही. अन्नाला पाय लागू नये हे मलाही आईनं शिकवलंय. पण एक वाटी वरण वाचवायला आपण दोन दिवसांचा रोज आणि दवाखान्याचा खर्च घालवतो, याचा हिशोब गटाच्या वहीत कधी येत नाही. खराब झालं ते उकिरड्यावर, खताच्या खड्ड्यात टाका. भात एकदम गाईम्हशीपुढे ओतू नका, जनावराचं पोट फुगतं. आणि मापानं शिजवा. उरलंच नाही तर बाईला शिळं खायची वेळ येणार नाही.

उलट्या-जुलाब झालेच तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून घोट घोट पाजा. लघवी कमी झाली, गुंगी आली, शौचात रक्त दिसलं, पोटात पाणीच ठरेना, तर वाट बघू नका. 108 ला फोन करा.

शेवटचं. श्रावण जवळ आलाय. शनिवारी भद्रा मारुतीला लोक पायी येतात, वेरूळलाही गर्दी असते. काही गट खाण्याचे स्टॉल लावणार आहेत. थोडं थोडं करा, गरम विका, सकाळचं संध्याकाळी विकू नका. अन्नाच्या धंद्याची नोंदणी राहिली असेल तर मला सांगा, आपण मिळून करू.

ज्या मावशींचं नाव माझ्यामुळे खराब झालं, त्यांच्या घरी मी जाऊन माफी मागितली. पुढच्या प्रशिक्षणाचं जेवण त्यांच्याच गटाला दिलं. भात साडेबाराला टाकला, एकला वाढला. जेवायला थोडा उशीर झाला, पण कुणी तक्रार केली नाही.

पुढच्या सभेत प्रत्येक गटानं सांगायचं, आपल्या घरात काय बदललं. मीही सांगेन. तोपर्यंत भाकरी गोल करायचाही सराव करते.