महामार्गाची गुंतवणूक आणि एसटीचा तोटा

(भडगाव येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



जळगावहून पाचोरा, भडगाव, चाळीसगावमार्गे मनमाडकडे जाणारा रस्ता आज राष्ट्रीय महामार्ग झाला आहे. त्याबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. गिरणाकाठची केळी ट्रकनेच बाहेर जातात, आणि खड्ड्यांतून हादरे खात गेलेल्या घडाला व्यापारी पाडूनच भाव देतो. तेव्हा रस्ता हवा की नको, हा वादच नाही. एकाच रस्त्यावरून जाणाऱ्या दोन माणसांपैकी एकासाठी केलेला खर्च शासनदरबारी 'गुंतवणूक' ठरतो आणि दुसऱ्यासाठी केलेला 'तोटा' ठरतो. वाद आहे तो या हिशेबाशी.

१ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली. पुढे १९५० च्या केंद्रीय कायद्याने मार्ग परिवहन महामंडळांनी व्यापारी तत्त्वावर कारभार करावा, असे बंधन घातले. आडगावी, अर्ध्या रिकाम्या गाडीनेही जावे आणि नफाही दाखवावा, अशी ही दुहेरी अपेक्षा! त्यातच तिकिटामागे साडेसतरा टक्के प्रवासी कर वर्षानुवर्षे शासनाच्या तिजोरीत जात राहिला. राष्ट्रीय महामार्गावर ही गाडी टोलही भरते. करही भरायचा, टोलही भरायचा, आणि वर तोट्याचा ठपकाही घ्यायचा.

जून २०२५ मध्ये शासनाने एसटीची श्वेतपत्रिका काढली. वर्षानुवर्षे साठलेला तोटा दहा हजार कोटींवर गेल्याचे तीत नमूद आहे. त्याच महिन्यात पवनार ते पत्रादेवी या नियोजित शक्तिपीठ महामार्गाच्या भूसंपादन आदी खर्चासाठी मंत्रिमंडळाने २०,७८७ कोटी रुपये मंजूर केले. डांबराचा एक थेंब पडण्यापूर्वीची ही रक्कम एसटीच्या साऱ्या साठलेल्या तोट्याच्या दुप्पट आहे. त्याच जूनमध्ये पूर्णपणे खुल्या झालेल्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर सुमारे ५५ हजार कोटी खर्च झाले. तो जळगाव वा धुळे जिल्ह्याला शिवतही नाही, आणि दुचाकीला तेथे प्रवेश नाही. शेतकऱ्याच्या घरी मोटार नसते, फटफटी असते. समृद्धी कोणाची, हे यावरून कळावे.

सवलती दिल्या म्हणून एसटी बुडाली, हा प्रचार खोटा आहे. १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट झाले आणि गाड्या भरून वाहू लागल्या. सवलतीची रक्कम शासनाने महामंडळाला वेळेवर दिली, तर ती भीक नसून सेवेचे मोल असते. उणीव आहे ती गाड्यांची. महासाथीपूर्वी अठरा हजारांच्या आसपास असलेला ताफा घटत गेला. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर सुरू होऊन एप्रिल २०२२ पर्यंत चाललेल्या कर्मचाऱ्यांच्या संपात खेडोपाडी काळी-पिवळीचे राज्य आले. इकडे पाचोरा–जामनेरची छोटी रेल्वे २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच.

या साऱ्याची खरी किंमत मुली मोजतात. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास आहे. पण फेरीच रद्द झाली तर पास दप्तरातच राहतो. दोन-तीनदा अंधारात घरी पोचावे लागले की बाप शाळा सोडवतो, आणि ही गळती कोणत्याही श्वेतपत्रिकेत तोटा म्हणून लिहिली जात नाही.

म्हणून कजगाव, कोळगाव, गुढे, आमडदे, गिरड येथील कार्यकर्त्यांनी शाळा सुटण्याच्या वेळेच्या फेरीची नोंद महिनाभर रोज ठेवावी: आली, उशिरा आली, की आलीच नाही. ती नोंद ग्रामसभेच्या ठरावाला जोडून आगारप्रमुखांना आणि आमदारांना द्यावी, आणि पोच घ्यावी.