तोंडाला कोरड पडते तेव्हा

उशाशी पाण्याचा तांब्या, रात्रीतून दोन-तीनदा उठून घोट घोट पाणी, आणि आमटीत कुस्करल्याशिवाय भाकरी घशाखाली उतरत नाही. आजीची ही तक्रार आपण ‘वय झालं’ म्हणून सोडून देतो. कारण मात्र बऱ्याचदा गोळ्यांच्या डबीत सापडतं. सर्दी-ॲलर्जीच्या, नैराश्याच्या आणि रक्तदाबाच्याही काही गोळ्यांनी लाळ आटते. मधुमेहात, तोंडाने श्वास घेणाऱ्यांतही हे दिसतं.

लाळ दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर तयार होते. खाल्ल्यावर जंतू साखरेचं आम्ल करतात. लाळ ते आम्ल सौम्य करते आणि दातांना कॅल्शियम, फॉस्फेट परत देते. ती कमी झाली की दात हिरडीलगत, मुळाशी किडू लागतात. कवळी घासते, जिभेवर पांढरी बुरशी येते, तोंडाला वास येतो.

अशा वेळी लोक काय करतात? लिंबाची गोळी चघळतात! कोरड्या तोंडात दिवसभर साखर आणि आंबट, म्हणजे किडीला आमंत्रणच. त्याऐवजी साखरविरहित च्युइंगगम चघळा, पाणी थोडं थोडं प्या. तंबाखू, मिश्री, अल्कोहोलचा माउथवॉश टाळा. फ्लोराइडची पेस्ट दोन वेळा वापरा, कवळी रात्री काढून ठेवा.

औषधाची गोळी मात्र परस्पर बंद करू नका. दंतवैद्याकडे जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिकसुद्धा.