बोटीमागची लाट: वजन कुठे ठेवायचं?

आज वेकसर्फिंगबद्दल बोलायचंय. बोर्डवर उभं कसं राहायचं हे मी सांगणार नाही, त्याचे व्हिडिओ ढिगाने सापडतील. मी बोलणार आहे बोटीबद्दल. मागे चांगली लाट यावी म्हणून बोट कशी तयार करायची, आणि लाट मोठी करायच्या नादात आम्ही एकदा काय घोळ घातला, हे दोन्ही.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. बोट हळू चालते, साधारण ताशी 16 ते 19 किलोमीटर. सर्फर एक आखूड दोर धरून पाण्यातून उभा राहतो, लाटेत शिरतो आणि दोर सोडून देतो. पुढे त्याला ओढायला काहीच नसतं. बोटीच्या मागची लाटच त्याला ढकलत नेते. दोर सोडल्यानंतरही आपण पुढे जातोय हे कळतं ना, तो क्षण भारी असतो!

मी अटलांटाजवळ राहतो. इथे लेक लेनियर आहे. चॅटहूची नदीवर ब्युफर्ड धरण बांधलं आणि त्यामागे हा तलाव झाला, आपल्या कोयनेमागे शिवसागर झाला तसाच. समुद्र इथून लांब, त्यामुळे लाट हवी तर ती बोटीनेच करायची. माझ्या मावसभावाने, म्हणजे आमच्या दादाने, एक जुनी इनबोर्ड बोट घेतली आणि आमचे शनिवार तिच्यात जायला लागले.

इनबोर्ड हा शब्द लक्षात ठेवा, कारण पहिली अट तीच आहे. या बोटीचा पंखा तळाखाली, बराच पुढे असतो. ज्या बोटीचा पंखा मागे बाहेर फिरत असतो, आउटबोर्ड किंवा साधी स्टर्नड्राइव्ह, तिच्यामागे वेकसर्फिंग करायचं नाही. सर्फर बोटीपासून दोन-तीन मीटरवर असतो, लाट त्याला बोटीकडेच ढकलते. तो पडून पुढे सरकला तर थेट पंख्यावर. इथे जुगाड चालत नाही.

आता लाट येते कुठून? आम्हाला वाटायचं, इंजिन जेवढं दांडगं तेवढी लाट मोठी. तसं नाही. बोट पुढे जाताना पाणी दोन्ही बाजूंना ढकलते आणि तिच्यामागे क्षणभर एक खड्डा पडतो. तो भरायला दोन्हीकडचं पाणी धावत येतं, आणि त्यातून लाट उठते. बोट जितकी खोल बसेल तितकं पाणी जास्त बाजूला सरतं, तितकी लाट मोठी. इंजिनाचं काम एवढंच, की ती जड बोट एकसारख्या वेगाने पुढे नेत राहायची.

बोट खोल बसवायची तर वजन हवं. त्यासाठी बॅलास्ट बॅग मिळतात, म्हणजे जाड पिशव्या, तलावाचंच पाणी पंपाने भरायचं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. 350 लिटरची एक बॅग म्हणजे पाच माणसं बसवल्यासारखंच झालं. आम्ही अशा दोन बॅगा आणल्या आणि दोन्ही मागे टाकल्या. लाट उंच आली खरी, पण भिंतीसारखी उभी आणि जेमतेम एका बोर्डाएवढी लांब. दोर सोडला की दोन सेकंदांत माणूस मागे! स्कूटरवर मागे दोन धिप्पाड मित्र बसले की पुढचं चाक कसं हलकं होतं, तशी बोट नाक वर करून चालत होती.

तेव्हा पहिला धडा मिळाला. मागचं वजन लाटेला उंची देतं, पुढचं वजन लांबी देतं. पुढे थोडं वजन टाकलं की बोट सपाट बसते, लाट किंचित बुटकी होते, पण लांब होते आणि ढकलते जास्त. शिकाऊ माणसाला उंचीपेक्षा ढकल महत्त्वाची.

दुसरी गोष्ट, बाजू. डावा पाय पुढे ठेवून उभे राहणारे बोटीच्या डाव्या बाजूच्या लाटेवर जातात, उजवा पाय पुढे ठेवणारे उजव्या. पहिल्यांना रेग्युलर म्हणतात, दुसऱ्यांना गूफी. जुन्या पद्धतीत ज्या बाजूला सर्फ करायचं त्या मागच्या कोपऱ्यात जास्त वजन टाकून बोट त्या बाजूला कलती ठेवायची. नव्या बोटींना मागे हलणाऱ्या पट्ट्या असतात. आमच्यासारख्या जुन्या बोटीला सक्शनने चिकटवायचा वेक शेपर मिळतो. तो लावायचा कुठे? डाव्या लाटेवर जायचं असेल तर बोटीच्या उजव्या बाजूला, मागच्या टोकाजवळ, पाण्याच्या पातळीखाली. ऐकायला उलटं वाटतं. पण तो उजवीकडचं पाणी जरा उशिरा आत येऊ देतो, त्यामुळे डावीकडची लाट फेसाळत नाही, गुळगुळीत राहते. शेपर लावला की बोट फार कलती करायची गरज उरत नाही.

तिसरी गोष्ट, वेग. बोटीबरोबर पळणाऱ्या लाटेची लांबी वेगाच्या वर्गाने वाढते. खोल पाण्यात ताशी 16 किलोमीटरला ती साधारण साडेबारा मीटर येते, 18 ला जवळजवळ 16 मीटर. फरक फक्त 2 किलोमीटरचा! म्हणून वेग बदलायचा तर अगदी थोडाथोडा, आणि मोजायचा जीपीएसवर. लाट फेसाळतेय आणि आखूड आहे? थोडा वेग वाढवा. लाट सपाट होत चाललीय? थोडा कमी करा.

आणि माणसं हीसुद्धा वजनच आहेत बरं का. छान लाट लागलेली असते, तेवढ्यात कुणीतरी चिवडा काढायला उठून दुसऱ्या बाजूला जातो आणि लाट गायब! आमच्याकडे नियम आहे, सर्फर उभा असताना कुणी जागा सोडायची नाही. चिवडा नंतर.

आता तो घोळ. पुढच्या वजनाने लाट लांब होते हे कळल्यावर आम्ही तेच वाढवत गेलो. एक बॅग पुढे, शिवाय दोन मोठी माणसं आणि दादाचा आठ वर्षांचा मुलगा पुढच्या सीटवर. लाट खरंच मस्त लागली. बोट मी चालवत होतो. सर्फर पडला आणि मी उत्साहात वेग न उतरवता झटकन वळलो. समोर आमच्याच लाटा. जड झालेलं नाक त्यांच्यावर चढलंच नाही, सरळ आत घुसलं. क्षणात पुढच्या भागात नडगीपर्यंत पाणी. वहिनी ओरडली, पोराला तिने जॅकेटला धरून मागे ओढलं. मी इंजिन न्यूट्रलला आणलं, दादाने पंप चालू केला आणि पुढची बॅग रिकामी करायला घेतली. कुणाला काही झालं नाही. पण परत येताना बोटीत कुणी बोलत नव्हतं.

ज्या वजनाने लाट मिळते, त्याच वजनाने बोट बुडू शकते. त्या दिवसापासून आम्ही बोटीवरच्या क्षमतेच्या पाटीवरचा आकडा बघून हिशोब मांडतो, त्यात माणसं आणि आम्ही आणलेल्या बॅगा दोन्ही धरतो. मुलं पुढे बसवत नाही. सर्फर पडला की आधी हळूहळू वेग उतरवायचा, लाटा पुढे जाऊ द्यायच्या, मग सावकाश वळायचं. जॅकेट सगळ्यांना, बोटीत बसलेल्यांनाही.

दुसरा धोका दिसत नाही. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला रंग नाही, वास नाही. हळू चालणाऱ्या बोटीमागे तो साचतो आणि बोटीतही परत ओढला जातो. म्हणून इंजिन चालू असताना मागच्या फळीवर कुणी बसायचं नाही, तिला धरून लोंबकळायचं तर नाहीच. कॅलिफोर्नियात अशा लोंबकळण्यावर कायद्यानेच बंदी आहे. डोकं दुखतंय, मळमळतंय असं कुणी म्हणालं तर ऊन लागलं असेल म्हणून सोडून देऊ नका. लगेच इंजिन बंद, माणूस मोकळ्या हवेत, आणि मदत मागवा.

शेवटचा मुद्दा काठाचा. लेनियरचा काठ लाल मातीचा आहे, कोकणातल्यासारखाच. आपली लाट काठावर आपटली की ती माती पाण्यात उतरते, कुणाचा धक्का हलतो, कुणाची छोटी होडी उलटते. मिनेसोटा विद्यापीठाच्या 2022 च्या अभ्यासाने वेकसर्फिंग काठापासून 500 फुटांपेक्षा लांब करावं असं सुचवलं. व्हरमाँटने 2024 पासून 500 फूट अंतर आणि किमान 20 फूट खोली हा नियमच केला. खोली आपल्याही फायद्याची आहे. पाणी लाटेच्या निम्म्या लांबीपेक्षा उथळ झालं की लाटेला तळ जाणवायला लागतो आणि तिचा आकार बिघडतो.

तर पुढच्या वेळी बोटीवर गेलात की असं करा. खोल पाण्यात जा. सुरुवातीला मागे दोन्हीकडे सारखं वजन, पुढे थोडंसं. शेपर उलट्या बाजूला. वेग ताशी 17 वर ठेवा. मग एका वेळी एकच गोष्ट बदला आणि फोनमध्ये लिहून ठेवा: कुठे किती पाणी, कोण कुठे बसलं, वेग किती. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर लाट कशाने सुधारली हे कधीच कळत नाही. आमचे दोन महिने त्यातच गेले.

आता आमची लाट तलावातली सगळ्यात उंच नाहीये. पण मागच्या शनिवारी दादाच्या मुलाने दोर सोडला आणि मी मनात मोजत होतो. अकरा सेकंद! पोरगा पडला, वर आला आणि ओरडला, "काका, परत!" मी हळूहळू वेग उतरवला, लाटा जाऊ दिल्या आणि सावकाश वळलो.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर काळजी घ्या.