नकार द्यायचा तर लेखी



छावणी ओलांडून दौलताबादच्या वाटेला लागलेल्या या पडेगावात आपण जमलो, हे माझ्या विषयाच्या दृष्टीने उचितच झाले. कारण ज्या दिव्यांग मुलांच्या हिताचा विचार येथे व्हायचा, त्यांच्या आईबापांपुढचा पहिला प्रश्न शिक्षणशास्त्राचा नसून, घराजवळच्या शाळेने ‘आमच्याकडे सोय नाही’ असे सांगितल्यावर लेकराला रोज शहराच्या दुसऱ्या टोकाला नेणार कोण, हा असतो.

कायदा या बाबतीत मुका नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम ३१ अन्वये, ४० टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ या वयात शेजारच्या शाळेत अथवा विशेष शाळेत, त्याच्या पसंतीप्रमाणे, मोफत शिक्षणाचा हक्क आहे. आणि कलम १६ ने तर टक्क्यांचा हिशेब न मांडता, अनुदानित संस्थांप्रमाणेच केवळ मान्यताप्राप्त संस्थांकडूनही भेदभावाविना प्रवेशाची अपेक्षा केली आहे. पसंती मुलाची, संस्थाचालकांची नव्हे!

तथापि व्यवहारात मुख्याध्यापकांची दृष्टी जाते ती दिव्यांगत्वाच्या दाखल्यावरच्या टक्क्याकडे. वैद्यकीय मंडळ जो टक्का मुक्रर करते तो सवलतींची पात्रता ठरविण्यासाठी. कोणत्या वर्गात कोणी बसावे, याचा निवाडा त्यात नसतो. एकाच टक्क्याचे दाखले असलेल्या दोन मुलांपैकी एकाला श्रवणयंत्र, पुढच्या बाकावरची जागा आणि फळ्याकडे तोंड करून न बोलणारा शिक्षक एवढे पुरते, तर दुसऱ्याला साठ मुलांच्या गलबल्यात घटकाभरही बसवत नाही. हे वर्गात पाहून कळते, दप्तरात पाहून नव्हे. आणि यंदा जे योग्य ठरले ते तीन वर्षांनी योग्य राहीलच असेही नसल्यामुळे, या निवडीची फेरतपासणी व्हावयास हवी.

विशेष शाळा म्हणजे दुय्यम शाळा, असे मी मानीत नाही. पुण्याची कामायनी १९६४ मध्ये स्थापन झाली. नाशिकच्या रजनीताई लिमये यांनी स्वतःच्या मुलाला योग्य शाळा न सापडल्यामुळे १९७७ साली प्रबोधिनी विद्यामंदिर काढले. त्यांच्या कर्तृत्वापुढे मी नतमस्तक आहे. पण एका मुलाच्या प्रवेशासाठी त्याच्या आईने संस्था स्थापन करावी, अशी अपेक्षा कोणत्याही राज्यकारभाराला शोभत नाही. उलट पक्षी, सामान्य शाळेत नाव घालून मुलाला मागच्या बाकावर नुसते बसवून ठेवणे, यास समावेशन म्हणणे हीही आत्मवंचनाच होय. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विशेष शिक्षकांची पदे निर्माण करण्याचा हुकूम दिला तो याच कारणासाठी, आणि ती पदे कायम स्वरूपात भरली जाईपर्यंत शाळाशाळांतून फिरणाऱ्या तुम्हा विशेष शिक्षकांवरच सारा भार राहणार आहे.

आता माझी एक सूचना. आजवर नकार तोंडी मिळत आले. तोंडी नकाराला जावक क्रमांक नसतो, म्हणून त्यावर अपील नाही, दाद नाही, आणि शासनाच्या लेखी तो घडलेलाही नसतो. पालकांनी अर्ज आवक-नोंदीसह द्यावा आणि पोच घ्यावी. सायंकाळी ठराव मांडला जाईल, तेव्हा त्यात ‘प्रवेश नाकारावयाचा असल्यास तो सकारण, लेखी आणि मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्यानिशी नाकारावा, व त्याची प्रत शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावी’ एवढे शब्द घालावेत, आणि अनुमोदनासाठी पालकांपैकीच कोणी उभे राहावे.