मिखाईल बोट्विनिक : पराभवाचा अभ्यास करणारा विश्वविजेता



बुद्धिबळाच्या विश्वविजेत्यांविषयी बोलावयाचे म्हटले की प्रथम त्यांच्या उपजत प्रतिभेच्या कथा आठवतात. क्यूबाचे कापाब्लांका अवघ्या चौथ्या वर्षी, वडिलांचा खेळ नुसता पाहून, पटाशी परिचित झाले. अशा कथा ऐकावयास गोड असतात. परंतु वर्गात मुलांपुढे उभ्या राहणाऱ्या शिक्षकाला त्यांचा उपयोग फारसा होत नाही. प्रतिभा शिकविता येत नाही. म्हणून आज मी ज्या विश्वविजेत्याची निवड केली आहे, त्यांच्याजवळ सांगण्यासारखी एक रीत होती आणि ती त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. मिखाईल मोइसेयेविच बोट्विनिक हे त्यांचे नाव.

त्यांचा जन्म १७ ऑगस्ट १९११ रोजी सेंट पीटर्सबर्गजवळील कुओक्काला या गावी झाला. सोंगट्या कशा चालतात हे त्यांना कळले ते वयाच्या बाराव्या वर्षी, म्हणजे इतर विश्वविजेत्यांच्या मानाने पुष्कळच उशिरा. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९२५ मध्ये, त्या वेळचे विश्वविजेते कापाब्लांका लेनिनग्राड येथे आले आणि एकाच वेळी अनेक पटांवर खेळले. त्यांपैकी एका पटावर चौदा वर्षांच्या या मुलाने त्यांना हरविले. एकाच वेळी इतक्या जणांशी खेळणाऱ्या विश्वविजेत्यावर मिळविलेल्या विजयाला फार महत्त्व देऊ नये हे खरे. तथापि या दोघांची गाठ पुढे पुन्हा पडावयाची होती.

बोट्विनिक शिक्षणाने विद्युत् अभियंता होते. १९५१ साली त्यांनी आपल्या विषयात डॉक्टरेटची सर्वोच्च पदवी मिळविली आणि विश्वविजेतेपद हाती असतानाही संशोधन संस्थेतील नोकरी सोडली नाही. त्यांचे बुद्धिबळही अभियंत्याचेच होते. स्पर्धेपूर्वी पंधरावीस दिवस मोकळ्या हवेत राहावे, प्रतिस्पर्ध्याचे डाव मिळवून तपासावेत, आपल्या सुरुवातीच्या चाली सरावाच्या डावांत पारखून घ्याव्यात आणि स्पर्धेला पाच दिवस उरले की पट बंद करून पूर्ण विश्रांती घ्यावी, अशी शिस्त त्यांनी १९३९ च्या सुमारास मांडली. ते स्वतः धूम्रपान करीत नसत. प्रतिस्पर्ध्याच्या सिगारेटच्या धुराने मन विचलित होऊ नये म्हणून सरावाच्या वेळी मित्र रागोझिन यांनी आपल्या तोंडावर धूर सोडावा, अशी व्यवस्था त्यांनी केली होती! ऐकून हसू येते; पण अडचण येण्यापूर्वीच तिची सवय करून घेण्याची ही वृत्ती होती.

या रीतीचा गाभा मात्र निराळाच आहे. खेळाडूने आपल्या डावांचे, विशेषतः हरलेल्या डावांचे, पृथक्करण स्वतः करावे आणि ते छापून प्रसिद्ध करावे, असा त्यांचा आग्रह होता. घरी बसून केलेले परीक्षण आपल्याला नेहमीच बरोबर वाटते. ते चारचौघांपुढे ठेवले की त्यातील चूक कोणीतरी दाखवितोच. १९३३ साली चेकोस्लोव्हाकियाचे सालो फ्लोर यांच्याशी झालेल्या सामन्यात या रीतीची पहिली मोठी कसोटी लागली. मॉस्कोतील सहा डावांत बोट्विनिक दोन डाव हरले, एकही जिंकले नाहीत. लेनिनग्राडला आल्यावर त्यांनी नववा आणि दहावा डाव जिंकला आणि सामना ६–६ असा बरोबरीत सोडविला.

आता त्यांच्या सर्वांत गाजलेल्या डावाकडे वळू. १९३८ मध्ये हॉलंडमध्ये आव्रो या नभोवाणी संस्थेने जगातील आठ श्रेष्ठ खेळाडूंची स्पर्धा भरविली. फेऱ्या निरनिराळ्या गावांत होत आणि खेळाडूंना सारखा प्रवास घडे. २२ नोव्हेंबरला बोट्विनिक कापाब्लांकांशी पांढऱ्या सोंगट्या घेऊन खेळले. तीनच दिवसांपूर्वी कापाब्लांकांना पन्नास वर्षे पूर्ण झाली होती. त्यांनी आपल्या वजिराच्या बाजूने चढाई करून एक प्यादे जिंकले. तिकडे लक्ष न देता बोट्विनिक यांनी मधली प्यादी पुढे रेटली. त्यांतील एक सहाव्या घरात पोहोचले. परंतु काळ्या वजिराने त्याची वाट अडवून धरली होती. तिसाव्या चालीला बोट्विनिक यांनी आपला उंट सरळ त्या वजिराच्या तोंडी दिला. वजिराने उंट घेतला आणि पहारा सुटला. पुढच्याच चालीला त्यांनी घोडाही दिला. काळ्याच्या राजापुढील प्यादे घोडा घेण्यासाठी बाजूला सरले, पांढरा वजीर आत शिरला आणि अडलेले प्यादे सातव्या घरात गेले.

डाव एवढ्यावर संपला नाही. काळ्या वजिराने शहांची सरबत्ती सुरू केली. अखंड शह देता आले असते, तर डाव बरोबरीत सुटला असता. पांढरा राजा उघड्यावर पटाच्या काठाकडे चालत गेला आणि ज्या प्याद्याने घोडा घेतला होता तेच खाऊन त्याच्या घरात शिरला. एकेचाळीसाव्या चालीनंतर कापाब्लांकांनी डाव सोडला. उंट देणे धाडसाचे होते. परंतु माझ्या मते या डावाचे खरे सौंदर्य राजाच्या त्या चालत जाण्यात आहे. त्या स्पर्धेत बोट्विनिक तिसरे आले, हेही सांगितले पाहिजे. केरेस आणि फाइन यांनी पहिला क्रमांक विभागून घेतला होता.

महायुद्धाच्या काळात ते पर्म येथे विद्युत् यंत्रणेच्या कामावर होते. १९४६ मध्ये अलेखिन विश्वविजेतेपद हाती असतानाच निवर्तले आणि ते पद प्रथमच रिकामे झाले. १९४८ साली हेग आणि मॉस्को येथे पाच खेळाडूंमध्ये त्याचा निकाल लागला. बोट्विनिक यांनी २० पैकी १४ गुण मिळविले; दुसरे आलेले स्मिस्लॉव्ह ११ गुणांवर राहिले. या स्पर्धेत एस्टोनियाचे केरेस बोट्विनिक यांच्याशी पहिले चार डाव ओळीने हरले, आणि सोव्हिएत सत्तेखालील केरेस यांच्यावर दडपण आले होते काय, हा प्रश्न तेव्हापासून विचारला जातो. तसा पुरावा पुढे आलेला नाही. तथापि बोट्विनिक यांच्या पाठीशी एका बलाढ्य राज्याची शक्ती उभी होती, आणि त्या साहाय्याचा हिशोब त्यांच्या यशात धरावाच लागतो.

पुढची पंधरा वर्षे म्हणजे पडण्याची आणि उठण्याची कहाणी आहे. डॉक्टरेटच्या कामामुळे तीन वर्षे एकही स्पर्धा न खेळता ते १९५१ मध्ये ब्रॉनस्टाइन यांच्यासमोर बसले. स्वतःच्याच नियमांचा हा भंग होता, आणि त्याची शिक्षा जवळजवळ मिळालीच. दोन डाव उरले असताना ते एका गुणाने मागे होते. तेविसाव्या डावात दोन घोड्यांविरुद्ध दोन उंट घेऊन त्यांनी चिकाटीने विजय खेचून आणला, चोविसावा बरोबरीत सुटला आणि १२–१२ अशा निकालाने नियमानुसार पद त्यांच्याकडेच राहिले. १९५४ मध्ये स्मिस्लॉव्ह यांच्याशीही असेच घडले. १९५७ मध्ये मात्र स्मिस्लॉव्ह यांनी त्यांना १२½–९½ असे हरविले.

हरलेल्या विजेत्याला वर्षभरात परतीचा सामना मागता येई. बोट्विनिक यांनी तो मागितला, आपल्या पराभूत डावांचा काटेकोर अभ्यास केला, आणि १९५८ मध्ये पहिले तीनही डाव जिंकून पद परत मिळविले. १९६० मध्ये रीगाच्या तेवीस वर्षांच्या मिखाईल ताल यांनी त्यांना पुन्हा खाली खेचले. तालांचे बलिदान हिशोबात बसत नसे. सहाव्या डावात त्यांनी असाच एक घोडा देऊ केला तेव्हा प्रेक्षकांत इतका गलबला उडाला की पट उचलून आतल्या खोलीत न्यावा लागला. सामना ताल यांनी १२½–८½ असा जिंकला. बहुतेक जाणकारांनी त्या वेळी बोट्विनिक यांचे पर्व संपले असे मानले. ते वर्षभर तालांच्या खेळातील दुबळ्या जागा शोधीत राहिले: वजीर पटावर नसताना आणि चढाईला वाव नसलेल्या बंदिस्त मांडणीत ताल अडखळतात, हे त्यांनी हेरले. १९६१ मध्ये पन्नाशीच्या उंबरठ्यावर असलेल्या बोट्विनिक यांनी दहा डाव जिंकून १३–८ असा विजय मिळविला. ताल त्या काळी मूत्रपिंडाच्या विकाराने त्रस्त होते. निकालाचे मोल ठरविताना हे विसरून चालणार नाही.

परतीच्या सामन्याचा हक्क न्याय्य होता काय? मला तो तसा वाटत नाही. आव्हान देणाऱ्याला पद मिळविण्यासाठी एकाच माणसाला दोनदा हरवावे लागत असे. जागतिक संघटनेने तो हक्क रद्द केला, आणि १९६३ मध्ये पेट्रोस्यान यांच्याकडून हरल्यावर बोट्विनिक पुन्हा त्या पदासाठी उभे राहिले नाहीत. १९७० मध्ये त्यांनी स्पर्धात्मक खेळ सोडला. उरलेले आयुष्य त्यांनी दोन कामांना दिले. माणसासारखा विचार करून खेळणारा संगणक घडविण्याचा त्यांचा प्रयत्न फळाला आला नाही. अफाट वेगाने गणना करणारी यंत्रेच त्या शर्यतीत पुढे गेली. दुसरे काम शाळेचे. ठरावीक काळाने निवडक मुले एकत्र येत, आपले डाव स्वतः टिपणांसह मांडीत, आणि बोट्विनिक व सोबतचे विद्यार्थी त्यांवर प्रश्न विचारीत. मधल्या काळासाठी घरचा अभ्यास दिला जाई. बारा वर्षांचा कार्पोव्ह या शाळेत आला, १९७३ मध्ये दहा वर्षांचा कास्पारोव्ह आला, आणि पुढे क्रामनिक.

५ मे १९९५ रोजी मॉस्को येथे बोट्विनिक यांचे निधन झाले. त्यानंतर पाच वर्षांनी, २००० साली लंडन येथे, कास्पारोव्ह यांना क्रामनिक यांनी पराभूत केले. हरणारा आणि जिंकणारा, दोघेही त्यांचेच विद्यार्थी होते. त्या क्रामनिकशी २००८ मध्ये जर्मनीतील बॉन येथे सामना खेळून आपल्या विश्वनाथन आनंद यांनी ६½–४½ असा विजय मिळविला.