भाजीखालची माती



मी रोजच्या भाजीविषयी बोलणार आहे. आपल्या नागापुराच्या एका अंगाला औद्योगिक वसाहत, दुसऱ्या अंगाला सीनाकाठची वावरे. सांडपाण्यातून शिसे, क्रोमियम, कॅडमियम असे जड धातू जमिनीत उतरू शकतात. थोडे कॅडमियम सुपर फॉस्फेटातूनही येते. शेणासारखे ते कुजत नाहीत. मुरले की पिढ्यानुपिढ्या तिथेच.

जपानात जिंझू नदीकाठी जस्ताच्या खाणीतले कॅडमियम भातशेतीत गेले. हाडे इतकी ठिसूळ झाली, की ‘दुखतंय, दुखतंय’ हेच रोगाचे नाव पडले : इताई-इताई. रोगी बहुतेक उतारवयाच्या, अनेक बाळंतपणे झालेल्या बायका. सरकारने कारण मान्य केले ते १९६८ साली.

आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत हे धातू बरेचसे अडकून राहतात, ही जमेची बाजू. तरी पालकासारख्या पालेभाज्या ते ओढतातच. धुतल्याने वरची धूळमाती जाते, आत चढलेले जात नाही.

२०१५ पासूनच्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी तपासतात. त्यांत जस्त-तांबे आहे, शिसे-कॅडमियम नाही. पत्रिका चांगली म्हणून संसार निभावतोच असे नाही, हे तुम्हांला मी काय सांगावे!

भाजीवालीला मात्र बोल लावू नका. नाल्याचे पाणी कोणी हौसेने देत नाही. विहीर आटते तेव्हा देतात. त्यापेक्षा नाल्याकाठच्या चार वावरांची माती या धातूंसाठी मुद्दाम तपासून घेऊ. राहुरीच्या कृषी विद्यापीठात चौकशीला माझ्याबरोबर दोघी हव्यात. नावे आणि वर्गणी चहाच्या वेळी माझ्याकडे द्यावी.